रिपोर्टात गणिताची बुद्धी 7 टक्के आली, आता काय?

मागच्या आठवड्यात एका आईचा व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज आला. मुलीच्या शाळेत कॅम्प लागला होता, दहाही बोटांचे ठसे घेतले आणि चाळीस पानी रंगीत रिपोर्ट दिला, त्यात मुलीची गणिताची बुद्धिमत्ता 8 टक्के, आणि खाली सल्ला, सायन्सकडे पाठवू नका. "ताई, ती सहावीत आहे हो. आत्तापासूनच तिला सांगायचं का की इंजिनिअरिंगचं डोक्यातून काढ?" वर्षाला असे आठ-दहा जण तरी येतात माझ्याकडे आणि प्रत्येकाला मी एका मुलाची गोष्ट सांगते, म्हटलं यावेळी सविस्तर लिहूनच काढावी. त्याच्या आईला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगा तेव्हा सातवीत. आईचा देवळाबाहेर फुलांचा स्टॉल, वडील टेम्पो चालवतात. मोठी बहीण दहावीला, कायम नव्वदच्या पुढे. हा गणितात सहामाहीला 100 पैकी 31. वडिलांनी साडेचार हजार रुपये दोन हप्त्यात भरून त्याचाही असाच ठशांचा रिपोर्ट काढला होता, आणि मला त्यांचा अजिबात राग आला नाही, कारण पोराचं काहीतरी चांगलं व्हावं म्हणूनच माणूस खिशात हात घालतो. रिपोर्टात गणिताची बुद्धिमत्ता 7 टक्के आणि सगळ्यात जास्त आकडा शारीरिक बुद्धिमत्तेचा, 16. म्हणून वडील म्हणत होते की ट्यूशन बंद करू आणि निवासी स्पोर्ट्स अकॅडमीत टाकू. पोराला खेळाची आवड आहे का असं विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

आई डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, शंभरात सात हो! एवढा मठ्ठ असेल असं वाटलं नव्हतं." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती त्या 7 टक्क्यांना परीक्षेतल्या मार्कांसारखं वाचतेय, 100 पैकी 7, म्हणजे नापासाच्याही खाली. कुणी तिला समजावूनच सांगितलं नव्हतं.

मुलगा बाहेर बाकावर बसला होता, त्याला आत बोलावलं, आई-वडिलांना चहाला पाठवलं. लगेच काही विचारलं नाही. थोड्या वेळाने तो रिपोर्ट त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, बघ, तुझ्याबद्दल लिहिलंय, तुला काय वाटतं सांग. भाषिक 11, गणिती 7, अवकाशीय 13, सांगीतिक 15, शारीरिक 16, दुसऱ्यांना ओळखण्याची 14, स्वतःला ओळखण्याची 12, निसर्गाची 12. तो आकड्यांवरून बोट फिरवत राहिला, ओठ हलत होते, मग म्हणाला, "मॅडम, सगळ्याची बेरीज 100च येतीय. मग एक वाढलं की दुसरं कमी होणारच ना?"

मी खरंच थांबले. चाळीस पानं तयार करणाऱ्यांनी जी गोष्ट लपवली होती ती सात टक्केवाल्या पोराने अर्ध्या मिनिटात पकडली. त्या रिपोर्टात बुद्धी म्हणजे एक भाकरी धरलीय, आठ तुकडे करायचे आणि एकाला जास्त दिलं की दुसऱ्याच्या वाट्याचं गेलं. आठ समान तुकडे केले तर प्रत्येकी साडेबारा, म्हणून 7 ला कमी म्हणायचं. बुद्धीचं असं कधीच नसतं, गाणं चांगलं येणाऱ्याला गणित कमी यायलाच पाहिजे असा काही नियम नाही.

आता हे आठ प्रकार आले कुठून ते थोडं सांगते, कारण कल्पना चांगली आहे आणि तिच्या नावावर भलतंच चाललंय. हॉवर्ड गार्डनर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडला. तेव्हा सात प्रकार होते, निसर्ग ओळखण्याचा आठवा त्यांनी नंतर जोडला. बोस्टनच्या हॉस्पिटलमध्ये मेंदूला इजा झालेल्या पेशंटवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं आणि तिथे दिसायचं की मेंदूच्या एका भागाला मार लागला तर एक क्षमता जाते आणि दुसरी शाबूत राहते. शेबालिन नावाचे रशियन संगीतकार होते, स्ट्रोकमुळे त्यांचं बोलणं आणि समजणं दोन्ही फार बिघडलं, तरी त्यानंतरही ते संगीत रचत राहिले. अशा गोष्टींवरून गार्डनर म्हणाले की बुद्धी नावाची एकच एक वस्तू नाही, अनेक आहेत, त्या सगळ्यांकडे सगळ्या असतात, फक्त प्रत्येकाची सरमिसळ वेगळी.

यावर मानसशास्त्रात वाद आहे हेही सांगायला हवं. 1904 मध्येच स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की एका प्रकारच्या चाचणीत पुढे असणारी मुलं बहुतेक वेळा दुसऱ्यातही पुढे असतात, म्हणजे या क्षमता पूर्ण सुट्या-सुट्या आहेत असं सिद्ध झालेलं नाही. माझ्या खुर्चीतून मला एवढं नक्की दिसतं की एकाच मुलाच्या आत चढउतार असतात, आणि शाळेची परीक्षा त्यातले एक-दोनच बघते. पण बोटांच्या ठशांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. ठसे आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या आसपास पक्के होतात आणि मग जन्मभर तेच राहतात, त्यातून सातवीतलं गणित कसं कळणार? या टेस्टला आपला पाठिंबा नाही हे गार्डनर यांनी स्वतः सांगितलंय आणि आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याला शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलंय.

तर पुन्हा त्या मुलाकडे येते. बोलता बोलता कळलं की दसरा-दिवाळीला पहाटे चारला मामाबरोबर मार्केट यार्डात फुलं आणायला हाच जातो. मी सहज विचारलं, झेंडू 60 रुपये किलो, साडेतीन किलो घेतला, 20 रुपये हमाली, 500 ची नोट दिली तर परत किती? क्षणात उत्तर, 270. कसं केलंस? "तीन किलोचे 180, अर्ध्याचे 30, हमाली धरून 230." मग कागद दिला आणि तेच मांडून करायला सांगितलं, 3.5 गुणिले 60. त्याने उभी मांडणी केली, खूप वेळ घेतला, उत्तर लिहिलं 2100. मी म्हटलं साडेतीन किलो झेंडू 2100 ला? तो एकदम हसला, म्हणाला एवढा महाग कोण घेणार, आणि तरी कागदावर चूक कुठे झाली ते त्याला सापडेना. एक छेद दोन अधिक एक छेद चार याचं उत्तर त्याने दोन छेद सहा लिहिलं. अर्धा किलो आणि पाव किलो मिळून किती, तर "पाऊण की", मी काय विचारतेय असाच चेहरा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे सगळं त्याच्या जिभेवर होतं, कागदावरच्या अपूर्णांकांशी त्याची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

असं घडतं हे नवीन नाही. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मध्ये छापून आला होता. मोजकीच मुलं होती, पण गिऱ्हाईक बनून विचारलं तेव्हा त्यांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली आणि तशीच गणितं कागदावर आकड्यांत दिली तर जेमतेम 37 टक्के.

मग याचं बिघडलं कुठे? मी आईला जुन्या वह्या आणायला सांगितल्या आणि तिसरी-चौथीच्या वह्याच नव्हत्या. तिसरीचं पूर्ण वर्ष आणि चौथीचं अर्ध्याहून जास्त वर्ष शाळा बंद, लॉकडाऊन. घरात फोन एकच, तो बहिणीच्या ऑनलाइन क्लासला, कारण तिचा अभ्यास महत्त्वाचा असं सगळ्यांनीच धरलेलं. नेमका भागाकार आणि अपूर्णांकाचा पाया तेव्हाच घालतात. पाचवीला शाळेत गेला तो थेट पुढच्या धड्यांवर, आणि विचारायची लाज वाटायची म्हणून गप्प बसत गेला. आई म्हणाली, "तेव्हा वाटलं लहानच आहे, भरून निघेल." हे वाक्य मी इतक्या घरांमधून ऐकलंय ना.

तरी माझ्या अंदाजावर मी थांबले नाही. गणिताची अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही गणितच शिकायला अवघड जाणं, आहे का हे नुसतं गप्पा मारून कळत नाही, म्हणून सरकारी हॉस्पिटलमध्ये रीतसर तपासणीला पाठवलं. तिथे बिने-कामत ही बुद्ध्यांक मोजायची चाचणी झाली, बिने यांनी फ्रान्समध्ये केलेल्या चाचणीवरून कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ती बसवली होती. माणूस समोर बसून, मुलाशी बोलून घेतो ही चाचणी. बुद्ध्यांक सरासरी आला, अक्षमता आढळली नाही. आढळली असती तरी आभाळ कोसळलं नसतं, बोर्डाच्या सवलती आहेत आणि शिकवायच्या पद्धतीही आहेत.

पुढचे पाच महिने शाळेतल्याच एका बाईंनी त्याला शाळा सुटल्यावर अर्धा तास तिसरीपासूनचं गणित दिलं. पाव आणि पाऊण आधी बोलायचं, मग वजनं ठेवून बघायचं, मग ते 1/4 आणि 3/4 असं लिहायचं. पहिले दीड महिने काहीच फरक दिसला नाही, वडील अस्वस्थ झाले, अकॅडमीचा विषय पुन्हा निघाला. मी त्यांना एवढंच म्हटलं की वार्षिकपर्यंत मला द्या. वार्षिकला 54 आले. फार मोठा आकडा नाही, बीजगणिताची त्याला अजून धास्ती आहे. पण तोंडी हिशोब करताना पूर्वी मान खाली असायची, आता बहिणीला मध्येच "थांब, चुकलीस" म्हणतो.

एक गोष्ट मला त्या घरात खटकायची ती सांगते. नातेवाईक प्रेमानेच म्हणायचे, गणितात कच्चा आहे पण स्वभावाने किती गोड, गिऱ्हाईकं याच्याकडेच येतात. ते खरंच आहे, माणसं ओळखण्यात तो हुशार आहे. पण असं सांत्वन म्हणून ऐकवलं की पोराला 'पण'च्या आधीचंच लक्षात राहतं, आणि गणित आपलं नाहीच हे तो मनाशी पक्कं करून टाकतो.

तर ताई, तुम्ही विचारलंत त्यावर. मुलीला आत्ता काहीही सांगू नका. शनिवारी अकराला तिला घेऊन या, रिपोर्ट घरीच ठेवा, त्याऐवजी तिच्या पहिलीपासूनच्या सापडतील तेवढ्या वह्या आणा. आणि तोपर्यंत एका कागदावर लिहून ठेवा की कुणी न सांगता ती कशात रमते, काय बिघडलं तरी पुन्हा पुन्हा करत बसते आणि धाकट्या भावाला काय शिकवायला जाते. क्लासला त्या दिवशी दांडी झाली तरी चालेल.