कानांना आडोसा कुठे आणि किती वेळ?

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून रविवार कारंजा परिसरात राहते. गर्दीचा कलकलाट, झगझगीत दिवे आणि उग्र वास एकत्र आले की मला काही सुचेनासे होते आणि तिथून पळून जावेसे वाटते. गणपतीत ढोल सुरू झाले की मी कानात कापूस घालते, पण उपयोग होत नाही. अलीकडे मी घरातही दिवसभर फोमचे इअरप्लग घालून बसते. सासूबाई म्हणतात, ‘सवय कर.’ माझे काही चुकते आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कापूस आजपासूनच बंद करावा, कारण ढोलाच्या घुमाऱ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. फोमचा प्लग त्याहून पुष्कळ सरस आहे, मात्र तो बहुतेकांना नीट बसवताच येत नाही. तो बोटांत वळून वातीसारखा बारीक करावा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा मिनिट, बोटाने दाबून धरावा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमू लागला की तो बसला असे समजावे. तरीही ढोलाची धमक छातीत जाणवेलच. ती केवळ कानावाटे येत नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याची किंवा बसच्या इंजिनाची एकसुरी घरघर चांगली कमी करतात, पण कुकरच्या अवचित शिट्टीपुढे ते फिके पडतात.

चूक आहे ती घरातल्या वापरात. कानावर सतत कमी आवाज पडत राहिला की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवून घेतो आणि मग भांड्याला भांडे लागले तरी बोचते. म्हणून घरात प्लग घालण्याचा वेळ रोज थोडा थोडा कमी करत न्यावा आणि प्लग बाजार, लग्न, मिरवणूक अशा ठिकाणांसाठी राखून ठेवावेत, तेही त्रास शिगेला पोहोचण्याआधी घालावेत. दुचाकी चालवताना मात्र ते काढावेत. कान दुखत असेल किंवा कानात सतत गुंजन होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

सासूबाईंचे म्हणणे घरापुरते निम्मे खरे आहे, मिरवणुकीत अजिबात नाही. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणासाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती निम्मी होत १०० डेसिबलला १५ मिनिटांवर येते. त्यामुळे ढोलपथकासमोर उभे राहायचे असेल, तर एक जोड सासूबाईंसाठीही आणावी.