'उनोपेंगा' म्हणजे खरंच वेडा? हरारेच्या रस्त्यावरची शोना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तुमच्या वर्गात झिम्बाब्वेची तीन मुलं आहेत. ती आपसात 'न्देइपी', 'शा', 'बो' असं काहीतरी बोलतात. परवा तुमचं सादरीकरण संपल्यावर त्यातला एक जण तुम्हाला 'उनोपेंगा' म्हणाला. मोबाइलवर अर्थ पाहिलात तर 'तू वेडा आहेस' असा आला. आता तुम्हाला विचारायचंय की राग मानायचा का, आणि हे शब्द आपणही वापरले तर चालतील का.

राग मानू नका, त्याने तुमची मनापासून तारीफ केली आहे. झिम्बाब्वेतल्या शोना या मुख्य भाषेत 'कुपेंगा' म्हणजे वेड लागणं, हे खरं. पण हरारेतली, म्हणजे तिथल्या राजधानीतली, तरुण मुलं एखाद्याने कमाल केली की 'उनोपेंगा' म्हणतात. गाणं जमलं, गोल मारला, अवघड हिशेब सोडवला, सगळ्याला हाच शब्द. एखादी गोष्ट भन्नाट असेल तर 'झ्विनोपेंगा'. आपणही 'वेड लावलंस रे' म्हणतो तेव्हा कुणी डॉक्टरला बोलावत नाही.

मी 2013 ते 2019 हरारेत होतो, औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाच्या कामाला. पुस्तकातली शोना मी संध्याकाळी शिकत होतो आणि दिवसभर गोदामातल्या मुलांची शोना कानावर पडत होती. पहिले सहा महिने या दोन वेगळ्या भाषा आहेत असंच वाटायचं.

पुस्तकी शोनाचा पाया 1931 मध्ये क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञाच्या अहवालाने घातला गेला. झेझुरू, कारांगा, मानयिका, कोरेकोरे, न्दाऊ अशा बोलींसाठी एक समान लेखनपद्धत ठरवायची होती. हरारेच्या आसपासची बोली झेझुरू. पण म्बारे, हायफील्ड, मुफाकोसे, चितुंगविझा या वस्त्यांत खेड्याखेड्यातून आलेली माणसं एकत्र राहिली, इंग्रजी मालकांकडे कामाला गेली, दक्षिण आफ्रिकेला जाऊन परत आली. त्या घुसळणीतून ही रस्त्यावरची भाषा निघाली.

उच्चाराबद्दल एक गोष्ट आधी सांगतो, कारण मराठी माणूस इथे हमखास चुकतो. रोमन लिपीत 'बी' आणि 'एच' जोडून आले की आपण 'भ' वाचतो. शोनात ते आपलं साधं 'ब' असतं. म्हणून 'भो' नाही, 'बो'. नुसतं 'बी' आलं तर तो हवा आत ओढून काढलेला 'ब' असतो, सिंधी लोकांच्या बोलण्यात ऐकू येतो तसा. 'डी' आणि 'एच'चंही तेच. उलट 'म्ह' आणि 'न्ह' आपल्याला आयतेच येतात. 'म्होरो' (नमस्कार), 'न्हासी' (आज) हे शब्द तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर म्हणाल. माझ्या ओळखीच्या इंग्रजांना ते वर्षभरात जमले नव्हते. 'झ्व' आणि 'स्व' मात्र शिट्टीसारखे ओठांतून निघतात. ते ऐकून ऐकूनच येतं.

आता तुमचे शब्द. 'न्देइपी' शब्दशः 'कोणती आहे?', पण अर्थ 'काय म्हणतोस?'. 'झ्वीरीसेय' म्हणजे 'कसं चाललंय', आणि पुढे बहुतेक वेळा 'वांगू' येतं. 'वांगू' म्हणजे 'माझा', नुसतंच, पुढे नाम नाही. माझा माणूस, माझा दोस्त, काय ते समजून घ्यायचं. उत्तर 'बो' किंवा 'झ्वीरी बो', म्हणजे मस्त. 'शा' हे 'शाम्वारी'चं, म्हणजे मित्राचं, आखूड रूप. मुलीही एकमेकींना 'शा' म्हणतात. 'म्फेस' आणि 'गाफा' म्हणजे गडी, पोरगा.

या बोलीचं मला सर्वांत आवडलेलं काम म्हणजे ती परक्या शब्दांना आपलं व्याकरण घालते. आपण 'मिस केलं', 'सेव्ह करतो' असं म्हणताना मागे 'करणे' लावतो. शोनात इंग्रजी धातू थेट क्रियापदाच्या पोटात जातो. 'न्दाकुमिसा': 'न्दा' म्हणजे मी, 'कु' म्हणजे तुला, मग 'मिस', शेवटी 'आ'. तुझी आठवण आली, एवढं सगळं एका शब्दात. नामांचंही तसंच. पाश्चात्त्य थाटात वागणाऱ्या, नाकातून इंग्रजी बोलणाऱ्या शहरी पोराला 'मुसालाड' म्हणतात, अनेक असले की 'मासालाड'. साड्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हे रोजचं जेवण. ते सोडून सॅलड खाणारा तो मुसालाड. त्याच्या विरुद्ध टोकाला 'एसआरबी' ('स्ट्राँग रूरल बॅकग्राउंड'), म्हणजे ज्याचं गावाकडचं वळण पक्कं आहे असा. हा शब्द बाहेरच्याने कुणाला लावू नये, टोचतो.

रस्त्यावर उतरलात की आणखी शब्द येतात. हरारेत कोपाकबाना नावाचा तळ आहे, तिथून 'कोंबी' म्हणजे छोट्या प्रवासी व्हॅन सुटत. दारात लटकून गावांची नावं ओरडणारा तो 'ह्विन्दी', इंग्रजी 'विंडो'वरून, कारण अर्धा माणूस खिडकीबाहेर असे. परवाना नसलेल्या छोट्या गाड्यांना 'मुशिकाशिका' म्हणतात, त्यातल्या कितीतरी होंडा फिट. पाच जणांच्या गाडीत आठ जण मी स्वतः मोजले आहेत.

पण एकच शब्द शिकायचा असेल तर 'कुकिया-किया' शिका. मिळेल ते, जमेल तसं करून दिवस काढणं. सकाळी मोबाइलचे रिचार्ज विकायचे, दुपारी कुणाचं सामान पोचवायचं, संध्याकाळी डॉलर बदलून द्यायचे. 2000 नंतर कारखाने आणि शेती ढासळली. जुलै 2008 मध्ये वार्षिक महागाईचा सरकारी आकडाच 23 कोटी 10 लाख टक्के होता. जानेवारी 2009 मध्ये 100 ट्रिलियन डॉलरची नोट निघाली, आणि लगेच त्या वर्षी देशाने स्वतःचं चलन बाजूला ठेवून अमेरिकी डॉलर स्वीकारला. त्या काळात पगारावर घर चालत नव्हतं. माझ्याबरोबरचा गोदामपाल तेव्हा शाळेत शिक्षक होता. तो म्हणायचा, आम्ही सगळेच किया-किया करत होतो, मुख्याध्यापकसुद्धा. ते सांगताना त्याच्या आवाजात लाज नव्हती आणि फुशारकीही नव्हती. 'जुगाड' म्हटलं की आपल्याकडे हुशारीचं कौतुक असतं. किया-कियात दमणूकही आहे. म्हणून मी या दोन शब्दांना समानार्थी मानत नाही.

पैशाचे शब्द तसे पुष्कळ. 'मारी' म्हणजे पैसा, आणि 'कुद्या मारी' म्हणजे पैसा खाणं, अगदी आपल्यासारखंच. 'माधिरी' वाचाल तिथे 'मादिरी' म्हणा, म्हणजे व्यवहार, डील. 'म्बिंगा' म्हणजे बक्कळ पैसेवाला, तो दाखवणारा. 'जोनी' म्हणजे जोहान्सबर्ग, आणि लंडनला 'हरारे नॉर्थ', कारण इतके लोक तिकडे गेले.

आपल्याशी नातं सांगणारा एक शब्दही आहे. गांजाला शोनात 'म्बांजे' म्हणतात. हा आपल्या 'भांग'चाच नातलग; हिंदी महासागराच्या व्यापारातून तो पूर्व आफ्रिकेत गेला, स्वाहिलीत 'बांगी' झाला. आणि म्बारेतून वर आलेल्या झिमडान्सहॉल या संगीतात गायक 'गांजा' म्हणतात, तो शब्द जमैकाकडून आला. जमैकात 1845 पासून गेलेल्या भारतीय मजुरांनी तो तिकडे नेला होता. एकाच वस्तूचे दोन भारतीय शब्द, दोन वेगळ्या समुद्रांवरून हरारेत पोचलेले. 'मुतोरीरो' हा शब्द कानावर आला तर मात्र हसू नका. ते क्रिस्टल मेथ नावाचं अमली द्रव्य आहे आणि त्याने वस्त्यांतली कितीतरी घरं पोळली आहेत. तुमच्या मित्रांपैकी कुणाचा भाऊ त्यात असू शकतो.

वापरावं का? समवयस्कांशी जरूर वापरा, त्यांना आनंद होईल. 'चिमोको' (मुलगी) सोडून द्या, त्यात मुलीला वस्तू केल्याचा सूर आहे. आणि आधी विचारा की ती मुलं हरारेची की बुलावायो या दुसऱ्या मोठ्या शहराची. बुलावायोची असतील तर त्यांची मातृभाषा न्देबेले असण्याचा संभव जास्त, ती झुलूच्या घरातली. तिकडे 'सालिबोनानी' म्हणतात, आणि त्यांना गृहीत धरून शोना बोललेलं सगळ्यांनाच आवडतं असं नाही.

मोठ्यांपुढे मात्र यातलं काहीच नको. शोनात आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे. बरोबरीच्याला 'वाकादीई', मोठ्यांना 'माकादीई'. एकदा मी त्या गोदामपालाच्या आईला घरी गेल्या गेल्या 'न्देइपी' म्हणालो. ती काही बोलली नाही, खाली पाहून बसली. नंतर त्याने मला अंगणात नेऊन शांतपणे समजावलं, आणि मी परत आत जाऊन, थोडा वाकून, दोन्ही तळवे जुळवून हळू टाळी देत 'माकादीई, म्हाम्हा' म्हणालो. पुरुषांनी तळवे सपाट धरायचे, बायकांनी किंचित खोलगट. रस्त्यात वयस्क माणसाला 'मुदारा' म्हणता येतं, शब्दशः म्हातारा, पण त्यात मान आहे. त्याचं कूळ माहीत असेल तर 'शुंबा' (सिंह), 'मोयो' (हृदय) असं त्याच्या मुतुपोच्या नावाने हाक मारणं त्याहून चांगलं. मुतुपो म्हणजे आपल्या देवकासारखं कुळाचं चिन्ह. एका मुतुपोत लग्न करत नाहीत.

सकाळी वडीलधाऱ्यांना 'मांगवानानी, मारारा सेय?' विचारतात, म्हणजे झोप कशी झाली. उत्तर येतं, 'तारारा काना मारारावो': तुम्ही नीट झोपला असाल, तर आम्हीही नीट झोपलो. पदवीदानाला तुमच्या मित्रांचे आईवडील आले तर सकाळी हे विचारा. आणि त्या 'उनोपेंगा'ला उत्तर द्यायचं राहिलं असेल तर सोमवारी वर्गात शिरताना त्याला 'न्देइपी, शा' म्हणा.