पोस्टर लावायच्या आधी जरा थांब

पऱ्हाट्यांच्या भुशापासून फळी बनवायचं तुझं काम परवा परभणीत पाहिलं. छान जमलंय. पण पुढच्या महिन्यात परिषदेत पोस्टर लावणार म्हणालास, म्हणून हे लिहितोय. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं, मग पेटंट विसर. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती फार अरुंद. तिच्या भरवशावर राहू नकोस. मी राहिलो होतो. एका स्मरणिकेत डिंकाचं प्रमाण, तापमान, सगळं छापून दिलं आणि दीड वर्षानं अर्ज केला. तपासणीत माझाच लेख माझ्यापुढे आला!

आधी तात्पुरता अर्ज टाक. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फी ८० टक्के कमी आहे. मालकी कुणाची, ते विद्यापीठाच्या धोरणात आणि तू सही केलेल्या कागदांत बघ. शोधक म्हणून मात्र तुझं नाव लागलंच पाहिजे. नुसती सही करणारा गाईड शोधक होत नाही, हे आपलं हळूच सांगतो.

प्रयोगांच्या नोंदींची वही शिवलेली घे. पानांना नंबर, रोज तारीख, खाली सोबत्याची सही. फसलेला प्रयोगही खोडू नकोस.

तुझ्या मित्राच्या तुरीच्या वाणाला पेटंट मिळत नाही. त्याला २००१चा वाण संरक्षण कायदा बघायला सांग. आणि नोकरी लागल्यावर वर्गासाठी लिहिलेल्या नोट्स, वेगळा करार नसेल तर, संस्थेच्या ठरू शकतात. नेमणूकपत्र नीट वाच.