सिनॉप्सिस परत आला म्हणून रडतेस ना, मग शेख आन्ता दिओप यांची गोष्ट वाच

प्रिय मुली,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. गाइडने संशोधनाचा आराखडा, म्हणजे सिनॉप्सिस, परत पाठवला म्हणून अहिराणी शब्दांचं काम सोडते म्हणालीस, तर आधी हे ऐक आणि मग काय ते ठरव.

दिओप हे इतिहासकार, पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या खेड्यातले, जन्म १९२३ चा. १९४६ ला पॅरिसला गेले ते गणित-फिजिक्स शिकायला आणि डोक्यात शिरलं प्राचीन इजिप्त. ती संस्कृती काळ्या आफ्रिकेचीच, हे त्यांचं म्हणणं. १९५१ मध्ये प्रबंध अडला, मग तेच १९५४ ला पुस्तक म्हणून छापलं, आणि डॉक्टरेट हातात पडायला १९६० उजाडलं, त्यातही शेरा असा की डाकारच्या विद्यापीठात शिकवायला मिळेना. पण माणूस कुढत बसला नाही गं, तिथेच कार्बन-१४ ची लॅब उभी केली, जुन्या वस्तूंचं वय काढायला!

आता तुझ्या कामाचं. त्यांची मातृभाषा वोलोफ, तिचे शब्द ते प्राचीन इजिप्शियनशी लावून बघायचे. इजिप्शियनमध्ये 'नाद' म्हणजे विचारणं, वोलोफमध्ये 'लाद', आणि असा न चा ल परत परत कुठे होतो ते शोधायचे, कारण एक जोडी जुळली तर तो योगायोगही असतो. आपण नाही का कडुनिंब म्हणतो आणि कडुलिंबही, तसंच. तुझ्या यादीत नेमकं हेच नाहीये, शब्द सुंदर जमवलेस पण ध्वनीचा नियम एकही मांडलेला नाही, तिथे गाइडचं बरोबर आहे.

१९७४ ला कैरोत प्राचीन इजिप्तचे लोक मूळचे कोण यावर युनेस्कोची परिषद झाली, दिओप आणि त्यांच्याच मताचे अभ्यासक थिओफिल ओबेंगा दोघं इतकी तयारी करून गेले की अहवालातच लिहिलंय, सगळ्यांची तयारी यांच्या तोडीची नव्हती. पटलं सगळ्यांना असं नाही हं, आजही बहुतेक भाषातज्ज्ञ इजिप्शियनला आफ्रो-आशियाई कुळात ठेवतात आणि वोलोफला वेगळ्या, मलाही तेच पटतं. पण आईनस्टाईनची रिलेटिव्हिटी वोलोफमध्ये आणणाऱ्या या माणसाने आपल्या भाषेला कधी कमी लेखलं नाही, ते मात्र मनापासून घे.

रविवारी ये. वही आण, प्रत्येक शब्दापुढे कुठल्या गावात, कुणाकडून ऐकला ते लिहून आण, आपण ल आणि न पासूनच सुरू करू.

तुझे सर