काम कुठे गेलं ते बघ

नाशिक

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. अंबडच्या कारखान्यातून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनवर, ट्रेनी म्हणून बोलावणं आलंय, आणि दादा म्हणतोय की तिथे अडकू नकोस, थोड्या वर्षांत मशीनच सगळं करतील, त्यापेक्षा पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स कर. तू विचारलंस, "काका, एआयच सगळं करणार असेल तर मी नेमकं शिकू काय?" फोनवर दोन वाक्यांत संपणारा हा प्रश्न नाही, म्हणून बसून लिहितोय.

नवं यंत्र आलं की कोणी म्हणतं नोकऱ्या जाणार, कोणी म्हणतं काम सोपं होणार. दोन्ही थोडं थोडं खरं असतं. इथल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, शॉप फ्लोअरवर उभा जन्म काढल्यावर मला मात्र आधी दिसतं ते वेगळंच: काम सरकतं. एकाच्या हातातून निघून दुसऱ्याच्या अंगावर जातं, आणि ज्याच्या अंगावर गेलं त्याला पुष्कळदा कोणी सांगतसुद्धा नाही. म्हणून कुठलंही यंत्र किंवा ॲप समोर आलं की काम कुठे गेलं ते बघायचं. कोण करतंय, त्याचे पैसे कोणाला मिळतात आणि चुकलं तर बोट कोणाकडे जातं, हेही त्यातच आलं.

तुमच्या दिंडोरीकडचंच घे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी पिकाची नोंद तलाठी करायचा, आणि तो बांधावर न येताच गेल्या वर्षीचं पीक पुन्हा लिहितो ही गावोगावची जुनी तक्रार होती. आता शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. आपली नोंद आपल्या हातात आली, हे चांगलंच झालं. पण काम संपलं का? ते तलाठ्याच्या वहीतून तुझ्या वडिलांच्या मोबाईलवर आलं, आणि त्यांना ॲप उघडत नाही म्हणून तुझ्यावर आलं. भावकीतल्या किती जणांच्या शेतात तू फोन घेऊन फिरतेस, रेंज नसली की बांधावर ताटकळतेस, हे मला ठाऊक आहे. नोंद राहिली तर पुढे विमा आणि नुकसानभरपाईला अडचण येते, म्हणून ही जोखीमही तुझ्याच डोक्यावर. हे काम कोणी मोजत नाही, त्याला मजुरी नाही. गावोगाव एखादी शिकलेली मुलगी हेच करत असते. रेशन दुकानातल्या मशीनवरही तसंच. जन्मभर शेतात राबून ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या, तिचा अंगठा मशीन ओळखत नाही, आणि परत परत खेटे घालायचे तिनं. सातबारा घरबसल्या मिळायला लागला, तहसीलच्या फेऱ्या वाचल्या, हे सुख मी मुळीच नाकारत नाही. फक्त वाचलेला वेळ कोणाचा आणि वाढलेला त्रास कोणाचा, याचा हिशेब मांडायची सवय तुला लागावी असं मनापासून वाटतं.

आता तुझ्या कामाकडे येतो. तिथे मला जास्त सांगायचंय.

आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५२ साली दाखवलं गेलं. भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून ते सूचना वाचायचं. त्याआधी लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या मनगटात जे होतं, म्हणजे किती कट घ्यायचा, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) कुठे कमी करायची, ते त्या पट्टीवर गेलं. पट्टी कोण लिहितो हा मग मोठा प्रश्न झाला, आणि बऱ्याच ठिकाणी ते काम शॉपमधून उचलून ऑफिसात नेऊन ठेवलं गेलं. खाली उरला तो जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावणारा आणि बटण दाबणारा. आपल्याकडेही असे कारखाने आहेत, जिथे ऑपरेटर एकाच वेळी दोन-तीन मशीन सांभाळतो, पण त्याला प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायची परवानगी नसते. एकेका लेथवर एकेक माणूस लागायचा ते दिवस गेले, हे दादाचं म्हणणं खरं आहे. त्या जागा परत येणार नाहीत. उरलेल्या कामात तू कोणत्या बाजूला उभी राहतेस, एवढं मात्र पुष्कळसं तुझ्या हातात आहे.

पहिल्या आठवड्यातच तुला एक गोष्ट दिसेल. मशीनच्या स्क्रीनवर एक्सचा आकडा ५०.००० दिसतो आणि नव्या पोराला वाटतं, जॉब ५० मिलिमीटरचा झाला. तो आकडा टूल धरणारी स्लाइड कुठे उभी आहे ते सांगतो. जॉबचं माप सांगत नाही. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, झिजत जातो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो आणि बोअर (आतलं भोक) लहान होत जातो, स्क्रीन मात्र तोच आकडा दाखवत राहते. त्यात उष्णतेची भर. पोलादाचा ५० मिलिमीटरचा जॉब १० अंशांनी तापला की सुमारे ६ मायक्रॉन (मिलिमीटरचे सहा हजारांश) फुगतो. मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात, आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडखाली काय तापमान असतं ते तुला सांगायला नको. मशीनमधून काढलेला गरम जॉब लगेच मायक्रोमीटरला लावला, माप जास्त आलं म्हणून ऑफसेट दिला, म्हणजे टूल तेवढं आत सरकवायची दुरुस्ती मशीनमध्ये टाकली, आणि जॉब थंड झाल्यावर सगळी लॉट अंडरसाइझ निघाली, अशी रिजेक्शनची पेटी प्रत्येक शॉपमध्ये कधी ना कधी भरलेली असते. म्हणून स्क्रीनच्या मागे खरोखर काय घडतंय, ते शीक. चिपचा रंग आणि आकार बघ, कटिंगचा आवाज बदलला की कान टवकार, स्पिंडलचा लोड कालच्यापेक्षा जास्त का दाखवतोय ते विचार. मशीन लावून देणाऱ्या सेटरच्या मागे लागून ऑफसेट समजून घे. तो सुरुवातीला हाकलेल. तरी चिवटपणे उभी राहा. मुलगी म्हणून तुला थेट इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवायला बघतील. ते काम चांगलंच आहे, पण आधी मशीनवर उभं राहण्याचा हट्ट धर.

१९८३ साली लिझॅन बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका शोधनिबंधात फार मोलाचं मांडलं. त्याचा सारांश असा की जेवढं जास्त काम आपोआप होतं, तेवढं माणसाकडे अवघड तेच उरतं. सोपं, रोजचं काम यंत्र करतं, आणि ते अडलं की एकदम माणसाला हाक मारतं. पण रोजचं कामच हातून सुटलेलं असल्यामुळे ऐन वेळी लागणारा सराव त्याच्याकडे उरलेला नसतो. मला हे वाचून हायसं वाटलं होतं, कारण शॉपमध्ये डोळ्यांनी बघितलेलंच कोणीतरी नीट शब्दांत मांडलं होतं. सुरळीत चाललेल्या शिफ्टमध्ये कोणीही मशीन चालवतं. टूल तुटल्यावर, कच्च्या मालाची हीट (ओतीव खेप) बदलल्यावर, लाइट जाऊन मधेच थांबलेलं मशीनचं काम पुन्हा सुरू करायचं असतं तेव्हा कळतं कोणाला काम येतं. तुझा सराव त्या वेळेसाठी आहे. म्हणून शिफ्ट शांत असतानाही हातानं माप घेत राहा, प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचत राहा.

एआयचंही मी असंच बघतो. तू लिहिलंस की मोबाईलवर त्याला ड्रॉइंगची मापं सांगितली की तो जी-कोड, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम, लिहून देतो. वापर, जरूर वापर. नवखं कोणी जे विचारायला लाजतं ते त्याला रात्री अकराला विचारता येतं, ही केवढी सोय आहे! आमच्या वेळी एकेका गोष्टीसाठी उस्तादाची मर्जी सांभाळावी लागायची. पण लिहिण्याचं काम त्याच्याकडे गेलं की तपासण्याचं काम तुझ्याकडे येतं, आणि ते हलकं नाही. जी झिरो-वनच्या जागी जी झिरो-झिरो पडलं तर टूल कटिंगच्या फीडऐवजी पूर्ण वेगानं जॉबमध्ये घुसेल. काही कंट्रोलरवर पॅरामीटर तसं सेट असेल तर टिंब न दिलेला एक्स ५० म्हणजे ५० मिलिमीटर नसून ५० मायक्रॉन धरला जातो. तुझ्या कारखान्यातल्या मशीनवर काय सेट केलंय, हे त्या एआयला माहीत नसतं. तेव्हा स्क्रीनवर टूलच्या वाटेचं ग्राफिक बघ, मग जॉबपासून लांब एअर कट घे, म्हणजे टूल नुसतं हवेत फिरव, मग रॅपिड ओव्हरराइड (वेगवान हालचालीचा वेग) अगदी खाली ठेवून सिंगल ब्लॉकमध्ये, एकेक ओळ चालवत, पहिला पीस काढ. पहिल्या पीसच्या रिपोर्टवर सही तुझी असणार आहे. तिथे एआयचं नाव लिहायला रकाना नाही.

आता एक गोष्ट फार कळकळीनं सांगतो, यात तडजोड करू नकोस. प्रेस शॉपमध्ये बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत. की-क्लचचा जुना प्रेस एकदा सुटला की मधे थांबतच नाही, हात आत असो वा नसो. नव्या प्रेसवर लाइट कर्टन असतो, प्रकाशकिरणांमध्ये हात आला की प्रेस जागच्या जागी थांबतो. तंत्रज्ञानानं कामगाराला दिलेल्या चांगल्या गोष्टींत हिची जागा माझ्या मते पहिली. पण प्रॉडक्शन कमी पडतंय म्हणून तो कर्टन बायपास केलेला मी पाहिलाय, दार उघडं असताना मशीन चालू न देणारा सीएनसीच्या दाराचा इंटरलॉक चावी अडकवून फसवलेला पाहिलाय. वाचवलेल्या दोन सेकंदांचा फायदा एकाला आणि जोखीम दुसऱ्याच्या हाताला. असं मशीन दिसलं तर त्याला हात लावू नकोस, नोकरी गेली तरी चालेल. दुसरी मिळेल, मी शोधीन तुझ्यासाठी.

हल्ली बऱ्याच शॉपमध्ये मोठी स्क्रीन लावलेली असते. कोणतं मशीन किती मिनिटं चाललं, किती थांबलं, हिरवं-लाल सगळं दिसतं. मॅनेजर घरूनही बघतो. मशीन थांबलं की लाल येतं, पण का थांबलं ते बहुतेक ठिकाणी ऑपरेटरनं टाकलेल्या कोडवरून ठरतं. माल आला नाही, क्रेन मोकळी नव्हती, गेज कॅलिब्रेशनला गेलेलं होतं. घाईत कोणीही हाताला येईल तो कोड दाबतं किंवा काहीच दाबत नाही, आणि महिन्याच्या शेवटी सगळा लाल रंग ऑपरेटरच्या नावावर दिसतो. कोड नीट टाक आणि खिशातल्या वहीत वेळ व कारण लिहून ठेव. आकडे काढणारं यंत्र खोटं बोलत नाही, पण त्याला जे विचारलंय तेवढंच ते सांगतं. बाकीचं सांगायची जबाबदारी तिथे उभ्या असलेल्या माणसाची.

वडिलांच्या द्राक्षबागेतल्या हवामान यंत्राचंही तू लिहिलं होतंस. पानावरचा ओलावा आणि तापमान मोजून ते डावणी रोगाचा धोका सांगतं, त्यामुळे उगाचच्या फवारण्या टळतात. औषधाचा खर्च वाचतो आणि युरोपला जाणाऱ्या मालाच्या रेसिड्यूची, म्हणजे फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची, धास्तीही कमी होते. वडिलांना ते लावायला सांगणारी तू, याचं मला कौतुक आहे. एवढंच की यंत्र जिथे उभं आहे तिथलंच सांगतं. ओढ्याकडच्या खोलगट भागात दव उशिरापर्यंत राहतं, तिथे सकाळी पान उलटून बघावंच लागेल. आणि विरळणीला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या बायांचं काम अजून कुठलं यंत्र करत नाही. त्यांच्या हातांवर सगळ्या जिल्ह्याची द्राक्षं उभी आहेत. बागेतल्या नव्या सोयींचा हिशेब मांडताना त्यांच्या मजुरीचा रकाना त्यात येतो का, हे घरात विचारणारी तूच आहेस.

पुण्याच्या कोर्सला माझा विरोध नाही. प्रोग्रॅमिंग शीकच, पण एखादं वर्ष मशीनवर काढून मग जा. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायचं ते काम हातानं केलेली माणसं त्या क्षेत्रात कमी भेटतात, आणि तिथे तुझी किंमत वेगळी असेल. दादाला माझ्याकडून एवढं सांग. त्याला काळजी वाटते म्हणून तो बोलतो, त्याच्याशी भांडू नकोस.

जॉइन होण्याआधी ते पत्र मला दाखव. त्यात 'टेक्निशियन अप्रेंटिस' लिहिलंय की नुसतं 'ट्रेनी', हे आधी बघ. पहिलं असेल तर १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार नोंदवला जातो, ठरलेला स्टायपेंड मिळतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नुसतं ट्रेनी असेल तर काय शिकवणार, कोणत्या मशीनवर ठेवणार, मुदत किती आणि नंतर काय, हे लेखी मागू. रात्रपाळी आणि येण्याजाण्याच्या गाडीचंही विचारायचंय. रविवारी दुपारी घरी आहे. सीबीएस बसस्थानकावर उतरलीस की फोन कर. मूळ मार्कशीट आणू नकोस, झेरॉक्स पुरे. आणि पत्राची पानं सगळी आण, मागच्या बाजूला छापलेल्या अटींसकट.

तुझा,
काका