परकर राहू द्या

प्रश्न : आई ७९ वर्षांची, अल्झायमर आहे. आयुष्य पंचवटीत गेलं, आता माझ्याकडे इंदिरानगरला असते. मी सातपूरला नोकरीला, म्हणून दिवसभरासाठी ब्यूरोकडून मावशी ठेवली आहे. वर्षात तीन मावश्या सोडून गेल्या. आई मारते, चावते, बहुतेक वेळा आंघोळीलाच. परकर घट्ट धरून ठेवते, म्हणून आता दोघी लागतात. भाऊ म्हणतो, तिला काही कळत नाही, चहातून शांत राहायची गोळी द्या आणि अंगठा घेऊन मुखत्यारपत्र करून टाकू. मी काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही गोळीचं विचारलंत, मुखत्यारपत्राचं विचारलंत. परकराचं जाता जाता लिहून गेलात आणि मी तिथून पुढे सरकूच शकले नाही.

तुमच्या घरात दोन बायका एका म्हातारीच्या मुठीतून तिचा परकर ओढून काढतात. ती चावणार नाही तर काय करेल?

आई पंचवटीतली. रामकुंडावर बुडी मारणारी बाई अंगावरच्या लुगड्यानिशी पाण्यात उतरते. घरच्या मोरीतसुद्धा त्या पिढीतल्या कितीतरी बायका परकर छातीशी बांधूनच अंगावर पाणी घ्यायच्या. आता अनोळखी हात तिला उघडी करतात, वरून शॉवर सोडतात. आज वार कोणता हे तिला सांगता येत नसेल, तुमचं नावही सापडत नसेल. पण आपल्याला कुणी उघडं करतंय, हे तिला पुरतं कळतं.

‘काही कळत नाही’ हे वाक्य आधी घरातून घालवा. समज अशी एकदम, सगळीच्या सगळी जात नाही. बँकेचा कागद कळत नाही, पण चहात साखर कमी पडलेली कळते. प्रत्येक गोष्टीपुरतं वेगळं पाहावं लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांच्या निर्णयाबद्दल बोलतो, पण त्यातसुद्धा माणसाने बोलून, चेहऱ्याने किंवा हातवाऱ्याने सांगितलेलं सांगणंच धरलं आहे. तुमची आई मुठीने सांगते आहे. तिचा नकार आंघोळीला नाही, उघडं होण्याला आहे.

तेव्हा उद्यापासून परकर राहू द्या. तो छातीशी बांधा, शॉवर बंद, बादली आणि तांब्या. पाणी आधी पायावर, मग गुडघ्यांवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. तांब्या तिच्याच हातात द्या, जमेल तेवढं तिचं ती घेईल. साबणाचा हात परकराच्या आतून फिरवता येतो. झालं की कोरडा परकर डोक्यावरून घालायचा आणि आतला ओला खाली सोडायचा. घाटावर बायका असेच कपडे बदलतात. ज्या दिवशी नकोच म्हणेल, त्या दिवशी कोमट पाण्यात पंचा भिजवून अंग पुसा, लघवी-संडासची जागा तेवढी रोज धुवा. हा त्रास अलीकडेच वाढला असेल तर डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करून घ्या. जळजळ, दुखणं तिला सांगता येत नसेल.

गोळी चहातून मुळीच नको. शांत ठेवणाऱ्या औषधांनी अशा रुग्णांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, काहींनी पक्षाघाताचाही. आणि चहा हा तिच्या विश्वासाचा शेवटचा घोट असेल, तोही का नासवायचा?

अंगठाही नको. जिला कागद कळत नाही तिच्याकडून घेतलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही, आणि पूर्वी केलेलं असलं तरी समज गेल्यावर ते संपतं. तिच्या वतीने व्यवहार करायचे तर तिचं कायदेशीर पालकत्व न्यायालयातूनच घ्यावं लागतं, उच्च न्यायालयांनी अशा प्रकरणांत ते दिलेलं आहे. भावाला घेऊन नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न पाहता वकिलाची मदत मोफत मिळते.

पण ते पुढच्या आठवड्यात. उद्या कामावर उशिरा जा आणि मावशींसमोर एकदा तुमच्या हाताने आंघोळ घाला, म्हणजे कसं करायचं ते त्यांना दिसेल. त्या वाईट नाहीत, त्यांना कुणी दाखवलेलंच नाही. आणि ब्यूरोला आजच फोन करून सांगा, दुसरी बाई उद्यापासून नको.