व्यसनमुक्तीच्या बराकीत एकमेकांच्या चुगल्या करायला लावतात, हे खरं आहे का?

ताई, तुमचा धाकटा भाऊ गर्दच्या केसमध्ये आत आहे, त्याला व्यसनमुक्तीच्या बराकीत जागा मिळतेय आणि तो म्हणतो, "तिथं चुगल्या करायला लावतात, मी जाणार नाही." त्याला खोटं पाडू नका. त्याची भीती खरी आहे.

मी पुण्याचाच. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला आहे. अशाच एका बराकीत सात महिने काढलेत. कुठल्या जेलात ते राहू द्या.

आत खबर देण्याएवढं मोठं पाप नाही. खून करून आलेल्याला पंगतीत जागा मिळते, खबऱ्याला कोणी शेजारी बसू देत नाही. आणि या बराकीत पहिल्याच दिवशी सांगतात, शेजारचा काही लपवत असेल तर चिठ्ठी लिहायची. मी मनात म्हटलं, चला, आलो खबऱ्यांच्या गावात.

आम्ही तीसेक जण. झाडलोट, पाणी, संडास, सकाळची बैठक, सगळं वाटून घेतलेलं. नव्या माणसाला एक जुना जोडीदार. माझी टर्की, म्हणजे गर्द बंद झाल्यावरचा त्रास, चालू होती, पाय असे ओढायचे की झोप नाही. डॉक्टर दिवसा बघून जायचे, पण रात्री दोन वाजता पाय चेपायला हा जोडीदारच. आणि त्यानंच माझ्यावर चिठ्ठी लिहिली! टर्कीसाठी मिळणारी गोळी मी गिळल्यासारखं करून गालात धरायचो, चार-पाच जमवून एकदम घ्यायला. त्यानं ते पाहिलं.

बैठकीत चिठ्ठी वाचली. खाली त्याचं नाव होतं आणि तो समोरच बसला होता. त्याचे दात पाडावेत असं वाटत होतं. आठ दिवस संडास धुवायची पाळी आली, आणि पहिल्या सकाळी बघतो तर हा पण बादली घेऊन हजर. म्हणाला, जोडीदार चुकला तर पाळी दोघांची. त्या आठ दिवसांत आम्ही फार बोललो नाही, पण मला फरक कळला. खबर पाठीमागून जाते, वर साहेबाकडे जाते, आणि देणाऱ्याला त्याचं काहीतरी मिळतं. चिठ्ठी तोंडावर येते, आपल्या आपल्यातच राहते, आणि लिहिणाऱ्यालाही बादली उचलावी लागते.

म्हणून भावाला एवढंच विचारायला सांगा: तिथली चिठ्ठी जाते कुठं? साहेबाच्या रजिस्टरात जात असेल तर तो म्हणतो ते बरोबर, त्यानं जाऊ नये. बैठकीत एखाद्याला घेरून शिव्या घालत असतील तरीही नको. या पद्धतीचं मूळ अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये निघालेली सिनॅनॉन नावाची वसाहत. व्यसनी माणसांनी एकत्र राहून एकमेकांना तोंडावर बोलायचं, ही कल्पना तिथली. पुढं ती इतकी बिघडली की १९७८ मध्ये विरोधातल्या वकिलाच्या टपालपेटीत त्यांच्या माणसांनी विषारी साप ठेवला. तेव्हा नुसतं "एकत्र राहतात" म्हणून भाळू नका.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. तो कच्चा कैदी असेल तर बैठकीत व्यसनाबद्दल मोकळं बोलू दे, पण केसबद्दल अवाक्षर नको. माल कुणाचा, कुठून आणला, ते फक्त वकिलाशी. वकिलाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४ अ पण विचारा. केस नुसत्या सेवनाची किंवा अल्प प्रमाणाची असेल (हेरॉइनसाठी ते ५ ग्रॅम; गर्द म्हणजे हेरॉइनच) आणि माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट काढूनही घेता येते. सेवनावरून आत आलेल्या कितीतरी पोरांना हे कोणी सांगतच नाही, याचा मला राग येतो.

सुटका होईल त्या दिवशी दारावर तुम्ही स्वतः जा. मला न्यायला कोणी नव्हतं. नाक्यावर एक जुना दोस्त गाडी लावून उभा होता. सात महिने अंगात काही नव्हतं, आणि मी ओढलं ते जुन्या मापानं. शुद्धीवर आलो ते हॉस्पिटलात. नंतर कळलं की हे माझं एकट्याचं नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट निघाला. शरीराची सवय उतरलेली असते, डोक्यातलं माप तेच राहतं.

तेव्हा घरी नेण्याआधीच पुढची सोय करून ठेवा. येरवड्यातच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासूनचं. तिथं आधीच जाऊन बोलून या. पहिले पंधरा दिवस त्याच्या हातात रोख पैसे नकोत, आणि फोनमध्ये जुनं सिमकार्ड नको. तो चिडेल. मीही चिडलो होतो.